बुकशेल्फ स्पीकरला परवडणारा अ‍ॅम्प: वॅट किती लागतात ते आधी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजतो. साडेसहा इंची वूफरवाले (वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा कोन) बुकशेल्फ स्पीकर घेतलेत, कागदावर सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) ६ ओहम, आणि 'अ‍ॅम्पची शिफारस २५ ते १२० वॅट'. ऐकायची खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर. सध्या मित्राचा जुना स्टीरिओ अ‍ॅम्प उसना आणलाय तो परत द्यायचाय, आणि आता तीन गोष्टींत अडकलात: ३०० अधिक ३०० वॅट लिहिलेला छोटासा क्लास डी (सिग्नल झपाट्याने चालू-बंद करून वाढवणारा, कमी तापणारा) डबा, नावाजलेल्या कंपनीचा ४५ वॅटचा मोठा इंटिग्रेटेड (इनपुट, व्हॉल्यूम आणि पॉवर एकाच पेटीत असलेला अ‍ॅम्प) जो त्या डब्यापेक्षा बराच महाग आहे, किंवा सेकंडहँड एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प). भीती ही की ४५ वॅटवर १२० वॅटचा स्पीकर 'अंडरपॉवर' होऊन उडेल. शिवाय प्रत्येक अ‍ॅम्पच्या 'आवाजाचा स्वभाव' वेगळा असतो का, हेही विचारलंय.

मी बरीच वर्षं अ‍ॅम्प दुरुस्त करतोय आणि लोकांच्या घरी सिस्टीम लावून देतोय. त्यावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न 'कुठला अ‍ॅम्प चांगला' हा नाहीच. तुमच्या खुर्चीपर्यंत तुम्हाला हवा तेवढा आवाज पोचवायला त्या स्पीकरला किती व्होल्ट द्यावे लागतात आणि तेवढे व्होल्ट देताना अ‍ॅम्पला करंट पुरतो का, एवढंच आधी ठरवायचंय. ते ठरलं की तिन्हीपैकी कुठलाही पर्याय बरोबर किंवा चूक ठरू शकतो. आणि हे बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे हेही कबूल करतो: किती मोठ्याने ऐकता, कसलं संगीत ऐकता, खोलीत पडदे-सोफा आहे की रिकाम्या भिंती, पुढे सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) घ्यायचाय का. यातलं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी माझी गणितं देतो, तुम्ही तुमचे आकडे घाला.

आधी ८६ डेसिबल म्हणजे काय ते बघू. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज येतो, असा त्याचा अर्थ. २.८३ हा विचित्र आकडा का, तर ८ ओहमला एवढे व्होल्ट दिले की बरोबर १ वॅट होतो. पण तुमचा स्पीकर ६ ओहमचा, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टला तो १.३ वॅट खातो, आणि ४ ओहमचा असता तर २ वॅट. म्हणून दोन स्पीकर दोन्ही '८६' लिहून येतात पण एक ८ ओहमचा आणि एक ४ ओहमचा असेल तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट पॉवर लागते. स्पेकशीटवर हे कोणी ठळक लिहीत नाही.

आता तुमची खुर्ची. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, या हिशोबाने अडीच मीटरवर साधारण ८ डेसिबल जातात. पण खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात आणि स्पीकर एक नाही दोन आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा ३ डेसिबलच्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे दोन्ही स्पीकरना २.८३ व्होल्ट दिले की खुर्चीत साधारण ८३ डेसिबल. हा लहान आवाज नाही हं, शेजारी बसलेल्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. म्हणजे तुम्ही नेहमी ऐकता तेव्हा अ‍ॅम्प सरासरी एक वॅटच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी देत असतो. मग ४५ वॅट तरी कशाला? तर पीकसाठी. तबल्याची थाप, ड्रमचा फटका, पियानोचा जोरात मारलेला सूर, हे सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर जातात, रेकॉर्डिंग चांगलं असेल तर जास्तच. १० डेसिबल वर जायला दहापट पॉवर लागते आणि २० डेसिबलला शंभरपट, सगळा खेळ इथे आहे.

सरासरी ८० डेसिबल आणि पीक ९८ पर्यंत धरू. ८३ पासून ९८ म्हणजे १५ डेसिबल, व्होल्ट साडेपाच पटीने वाढले, जवळजवळ १६ व्होल्ट. ६ ओहमला १६ व्होल्ट म्हणजे ४२-४३ वॅट. हे तुमचं उत्तर, अंदाजे. हळू ऐकणारा माणूस असाल तर १५ वॅटमध्येही भागेल, आणि मोठ्या हॉलमध्ये पार्टी करणारे असाल तर १०० वॅटही कमी पडतील आणि त्याआधी हा स्पीकरच कमी पडेल. ४५ च्या जागी ९० वॅट घेतले तर फरक किती? ३ डेसिबल. जाणवतो, पण 'दुप्पट' बिलकुल वाटत नाही. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून ४५ आणि ६० मध्ये निवड करताना वॅट बघून पैसे वाढवू नका, तो फरक सव्वा डेसिबलचा आहे.

पण अंदाज कशाला, तुमच्याकडे उसना अ‍ॅम्प घरात आहे तोवर मोजूनच घ्या. साधा मल्टिमीटर लागेल, एसी व्होल्ट मोजणारा. तुमच्याकडचं सगळ्यात डायनॅमिक गाणं लावा आणि आवाज तेवढा वाढवा की याच्यावर मी कधीच जाणार नाही. नॉब तिथेच सोडा, फोनवरचा किंवा प्लेअरचा व्हॉल्यूमही हलवू नका. लाउडनेस, बेस बूस्ट, इक्वलायझर आणि अ‍ॅपमधलं नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणारी सोय) हे सगळं सुरुवातीपासूनच बंद असू द्या. आता गाणं थांबवा, अ‍ॅम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा आणि दोन टोकं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी बाजूला ठेवा. अ‍ॅम्प परत चालू करून त्याच प्लेअरवरून १०० हर्ट्झचा टोन वाजवा, उणे १२ डेसिबलवर रेकॉर्ड केलेला. अशी फाइल फुकट मिळते किंवा कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये दोन मिनिटांत बनते. मीटरची एक पिन एका चॅनेलच्या लाल टर्मिनलला, दुसरी त्याच चॅनेलच्या काळ्याला. जो आकडा येईल त्याला ४ ने गुणा.

चारने का, तर उणे १२ डेसिबल म्हणजे फुल सिग्नलला जेवढे व्होल्ट येतील त्याच्या एक चतुर्थांश, आणि हल्लीच्या बहुतेक रेकॉर्डिंगचे पीक फुल सिग्नलला जाऊन भिडलेलेच असतात. समजा मीटरने ३ व्होल्ट दाखवले. चारपट १२. बाराचा वर्ग १४४, भागिले ६ ओहम, म्हणजे २४ वॅट. म्हणजे त्या नॉबच्या जागी, तुमच्या सगळ्यात मोठ्या आवाजाला, प्रत्येक चॅनेलला २४ वॅटचा प्रामाणिक अ‍ॅम्प पुरतो. मी ज्यांच्या घरी हे करून दाखवतो त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण आकडा त्यांच्या कल्पनेच्या खूप खाली निघतो. एकच सावधगिरी, उसना अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असेल तर हा प्रयोग करू नका, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता, वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. साधा ट्रान्झिस्टरचा असेल तर काही होत नाही.

आता त्या ३०० वॅटच्या डब्याकडे येऊ. या छोट्या अ‍ॅम्पपैकी बऱ्याच जणांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप असते, फोसी व्ही३ आणि आयिमा ए०७ ही त्यातली ओळखीची नावं. चिप खरंच चांगली आहे. तिच्या डेटाशीटमध्ये ३१५ वॅटचा आकडा आहे, पण तो ४ ओहमला, ५१ व्होल्टच्या सप्लायवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनला. १० टक्के म्हणजे सिग्नलची टोकं कापली गेलीत, तो आवाज ऐकण्यालायक नसतो. डब्यावरचा ३०० हा चिपचा आकडा आहे, तुमच्या हातात येणाऱ्या अ‍ॅम्पचा नाही. तुमच्या हातातला आकडा ठरतो बरोबर आलेल्या अ‍ॅडॅप्टरवरून, आणि तो काढायला दोन मिनिटं लागतात: अ‍ॅडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असेल तर ५७६ भागिले १२, तुमच्या ६ ओहमला जास्तीत जास्त ४८ वॅट, थोडे चिपमध्ये जातात ते वजा. ३२ व्होल्टला ८५. ४८ व्होल्टला १९२. एकच डबा, एकच चिप, अ‍ॅडॅप्टर बदलला की अ‍ॅम्प बदलला. काही कंपन्या तोच अ‍ॅम्प दोन-तीन वेगवेगळ्या अ‍ॅडॅप्टरबरोबर विकतात आणि जाहिरातीत मात्र वरचाच आकडा टाकतात, तेव्हा ऑर्डर करताना नेमका कुठला येतोय ते बघा.

अ‍ॅम्पिअरही बघा. २४ व्होल्ट ५ अ‍ॅम्पिअर म्हणजे १२० वॅट, त्यातले दहाएक टक्के उष्णतेत गेले, उरले ते दोन्ही चॅनेल मिळून. सतत वाजणाऱ्या टोनला ही मर्यादा लागते, संगीताला तेवढी नाही कारण पीक क्षणभरच असतात आणि तेवढं कपॅसिटर सांभाळून नेतात. पण १२० वॅटच्या अ‍ॅडॅप्टरवर ६०० वॅट लिहिणं याला मी फसवणूकच म्हणतो. पूर्वी टू-इन-वनवर पीएमपीओचे (फुगवून सांगितलेल्या क्षणिक पॉवरचे) हजारो वॅट छापायचे त्याचाच हा पुढचा अवतार. अमेरिकेत या प्रकाराला कंटाळून १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला होता की अ‍ॅम्पची पॉवर सांगताना ती किती ओहमला, कुठल्या फ्रिक्वेन्सी रेंजमध्ये आणि किती डिस्टॉर्शनला हे सांगायचं. तीच कसोटी तुम्ही लावा. हे तीन तपशील जिथे दिलेले नाहीत तिथला वॅटचा आकडा धरूच नका.

तुमच्या दुसऱ्या पर्यायातले ४५ वॅट मात्र बहुधा खरे आहेत. उदाहरण द्यायचं तर डेनॉन पीएमए-६००एनई हा ८ ओहमला ४५ आणि ४ ओहमला ७० वॅटचा, यामाहा ए-एस३०१ हा ८ ओहमला ६० वॅटचा, असे आकडे कंपन्या अटींसकट देतात. ८ वरून ४ ओहमला जाताना आकडा किती वाढतो ते मी आवर्जून बघतो. आदर्श अ‍ॅम्पचा दुप्पट होईल. दीडपट झाला तर परवडणाऱ्या वर्गात ठीक. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल किंवा 'फक्त ८ ओहम' असं मागे छापलेलं असेल तर समजायचं की ट्रान्सफॉर्मर किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आखडता हात घेऊन बसवलाय. जुन्या लोकांना १९७८ चा एनएडी ३०२० आठवत असेल. कागदावर फक्त २० वॅट, पण अवघड स्पीकर लावला तरी मान टाकत नव्हता, त्याला करंट देता येत होता म्हणून.

करंटचा मुद्दा का, तर स्पीकरवर लिहिलेले ओहम हा एकच आकडा असतो आणि प्रत्यक्षात तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे किमान इम्पीडन्स नॉमिनलच्या, म्हणजे स्पीकरवर लिहिलेल्या आकड्याच्या, ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली जायला नको. प्रत्यक्षात हे बऱ्याच ठिकाणी पाळलं जात नाही. केईएफ क्यू१५० घ्या, कंपनी ८ ओहम लिहिते आणि शेजारीच किमान ३.७ ओहम असंही प्रामाणिकपणे लिहिते. तुमच्या ६ ओहमवाल्याचा किमान आकडा मिळाला तर बघा, तो ४ च्या खाली असेल तर ४ ओहमला रेटिंग दिलेलाच अ‍ॅम्प घ्या. मिळाला नाही तर तो ४ चा आहे असंच धरून चाला, नुकसान काही नाही.

आता २५ ते १२० वॅटची भीती. हा आकडा स्पीकरची 'भूक' नाहीये. खालचा आकडा म्हणजे कंपनीच्या मते साधारण खोलीत एवढ्याने बरा आवाज होईल, आणि वरचा म्हणजे एवढ्यापर्यंतचा अ‍ॅम्प संगीतासाठी शहाणपणाने वापरला तर कॉइल जळणार नाही. ४५ वॅटचा अ‍ॅम्प त्या रेंजमध्ये मजेत बसतो, १५० वॅटचाही चालला असता, नॉब तुमच्याच हातात आहे. कमी वॅटमुळे स्पीकर खराब होत नाही. खराब होतो तो अ‍ॅम्पला त्याच्या मर्यादेपलीकडे तासन् तास रेटल्यामुळे. असं रेटलं की बेसच्या लाटांची डोकी कापली जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात. बेस अडतो पण वरच्या फ्रिक्वेन्सी मात्र वाढतच राहतात, वर कापलेल्या लाटेची नवी हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या फ्रिक्वेन्सी) त्यात मिसळतात, आणि ट्वीटरला (वरचे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाला) त्याच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त पॉवर सतत जात राहते. ट्वीटरची कॉइल केसासारख्या तारेची, तिला सतत थोडेच वॅट झेपतात.

माझ्या टेबलावर असे ट्वीटर नेहमी येतात. मागची गोष्ट विचारली की उत्तर ठरलेलं असतं: समारंभ होता, बेसचा नॉब पूर्ण, व्हॉल्यूम पूर्ण, रात्री उशिरापर्यंत. डोम बाहेरून नवाकोरा दिसतो. स्क्रू काढून ट्वीटर हातात घेतला की जळलेल्या वार्निशचा वास येतो, आणि टोकांना मीटर लावला तर जिथे चार-सहा ओहम दिसायला हवेत तिथे सर्किट ओपन. हे ३० वॅटच्या अ‍ॅम्पनेही होतं आणि २०० च्यानेही. तेव्हा नियम साधा आहे, आवाज चरचरीत, कडक, कानाला टोचणारा वाटायला लागला की खाली आणा. अ‍ॅम्पवर किती वॅट लिहिलेत त्याने यात फरक पडत नाही.

इथे आणखी एक गैरसमज लगेच मोडतो. नॉब अर्ध्यावर आहे म्हणजे अर्धी पॉवर वापरतोय, असं नसतं. साध्या डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणाऱ्या उपकरणातून) २ व्होल्ट निघतात आणि बऱ्याच अ‍ॅम्पना फुल पॉवरला त्याहून बरेच कमी पुरतात, त्यामुळे घड्याळाच्या अकरा-बारावरच अ‍ॅम्प संपलेला असू शकतो. नॉब पुढे फिरतो, पण त्यातून क्लिपिंगच निघतं.

क्लास डी की क्लास एबी (पारंपरिक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प) यावर लोक खूप भांडतात, माझं मत त्यापेक्षा सौम्य आहे. चांगला बनवलेला कुठलाही चालेल. एबी गरम होतो, जड असतो, कपाटात कोंडला तर लवकर म्हातारा होतो. डी गार राहतो, कोपऱ्यात मावतो. स्वस्त क्लास डी मध्ये एकच खरी तांत्रिक कुरबुर आहे आणि ती माहीत असायला हवी. या अ‍ॅम्पच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो, आणि तो फिल्टर ठराविक ओहमसाठी बांधलेला असतो. स्पीकरचा इम्पीडन्स वरच्या फ्रिक्वेन्सीला वेगळा असला की १० किलोहर्ट्झच्या पुढे आवाज थोडा वर उचलला जातो किंवा खाली पडतो. म्हणून एकाच अ‍ॅम्पबद्दल एकजण 'ब्राइट आहे' म्हणतो आणि दुसरा 'मवाळ आहे' म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात कारण दोघांचे स्पीकर वेगळे. याच्यावर उपाय म्हणजे फीडबॅक (आउटपुट तपासून चूक सुधारायला मागे नेलेला सिग्नल) फिल्टरच्या नंतरून घेणं, स्पेकमध्ये त्याला पीएफएफबी असं लिहिलेलं सापडेल. अलीकडे स्वस्तातल्या मॉडेलमध्येही ते यायला लागलंय. दोन सारख्या डब्यांत एकात पीएफएफबी असेल आणि दुसऱ्यात ५० वॅट जास्त, तर मी डोळे झाकून पहिला घेईन.

दुसरी गोष्ट जोडणीची. या चिपांमध्ये स्पीकरची दोन्ही टर्मिनल 'जिवंत' असतात, काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. त्यामुळे डावं-उजवं काळं एकत्र जोडणं, किंवा ते सबवूफरच्या ग्राउंडला लावणं, किंवा जुना हेडफोन अडॅप्टर बॉक्स लावणं, यात अ‍ॅम्प जागच्या जागी मरू शकतो. एबी अ‍ॅम्पवर वर्षानुवर्षं ज्यांनी असं बिनधास्त केलंय तेच लोक क्लास डी आणल्यावर फसतात.

आता तिसरा पर्याय, जो तुम्ही शेवटी आणि थोडा लाजत लिहिलाय असं वाटलं. मला तो तिघांत सगळ्यात जास्त विचार करण्यासारखा वाटतो, पण एका अटीवर: पुढे सबवूफर घ्यायचा असेल तर. एव्ही रिसीव्हरमध्ये बेस मॅनेजमेंट असतं. क्रॉसओव्हर (बेस कुठून सबकडे वळवायचा ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवला की त्याखालचा बेस सबला जातो आणि बुकशेल्फला जातच नाही. याचा फायदा लोकांना कळत नाही. तेवढ्याच आवाजात फ्रिक्वेन्सी निम्मी केली की कोनला चौपट हलावं लागतं, म्हणजे ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ४० ला चार मिलिमीटर हलायला बघतो, आणि साडेसहा इंची वूफरची तिथेच दमछाक होते. पीकमधले बहुतेक व्होल्टही या बेसमध्येच जातात. तो ओझ्याचा भाग काढून घेतला की तोच स्पीकर मोकळा वाजायला लागतो, गायकाचा आवाज स्वच्छ होतो आणि अ‍ॅम्पला वॅट कमी लागतात. जोडीला मायक्रोफोन लावून खोलीचं करेक्शन करता येतं, खोलीतला घुमणारा बेस त्याने बराच आवरतो. साध्या इंटिग्रेटेडला सबवूफर आउट असला तरी बहुतेकदा तो फक्त सिग्नल बाहेर देतो, बुकशेल्फचा बेस कापत नाही. काही नवीन स्ट्रीमिंग अ‍ॅम्प, उदाहरणार्थ विम अ‍ॅम्प, ८ ओहमला ६० वॅट देऊन हे दोन्ही करतात, बजेट थोडं ताणता आलं तर तो चौथा पर्याय समजा.

सेकंडहँड घेताना मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. विक्रेत्याकडे जाताना मल्टिमीटर न्या. स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, अ‍ॅम्प चालू करून दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक चॅनेलच्या लाल-काळ्यामध्ये डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर ठीक, शंभरच्या वर गेला तर सोडून द्या. मग स्पीकर जोडून अगदी हळू आवाजात ऐका. हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि नॉब वाढवला की 'टक' करून येते, तर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत, हे दुरुस्त होतं, भाव कमी करून घ्या. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेकदा जाते. पण ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतोय आणि तोच आवाज स्पीकरमधूनही येतोय, किंवा झाकण उघडल्यावर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसतंय, तर हात लावू नका. एचडीएमआय बिघडलेला रिसीव्हर मात्र फक्त संगीतासाठी हवा असेल तर खुशाल घ्या, अ‍ॅनालॉग इनपुट चालले की झालं, आणि असे रिसीव्हर खूप स्वस्तात निघतात. सेटिंगचा मेनू टीव्हीवर दिसतो का, की पुढच्या डिस्प्लेवरूनच सगळं करता येतं, एवढं बघून घ्या.

अ‍ॅम्पच्या 'आवाजाच्या स्वभावा'बद्दल तुम्ही विचारलंय. माझा अनुभव असा की क्लिप न होणारा, फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सपाट असणारा आणि आउटपुट इम्पीडन्स कमी असणारा कुठलाही अ‍ॅम्प दुसऱ्या तशाच अ‍ॅम्पपासून ओळखणं फार कठीण जातं, जर दोघांचा आवाज मीटरने सारखा केला असेल तर. न केला तर जो अर्धा डेसिबल मोठा तो नेहमी 'जास्त जिवंत' वाटतो. दुकानात तुलना करताना हे हमखास होतं. याउलट स्पीकर भिंतीपासून एक वीत पुढे ओढले, ट्वीटर कानाच्या उंचीला आणला तर जो फरक पडतो तो आंधळ्यालाही कळेल, आणि तो फुकट आहे. वायरीचं म्हणाल तर तीन-चार मीटरपर्यंत दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर पुरते, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची टाळा.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला. मीटरचं गणित ५० वॅटच्या आत आलं आणि सब घ्यायचाच नाही, तर ३२ व्होल्ट किंवा वरच्या अ‍ॅडॅप्टरसोबत येणारा, पीएफएफबी असलेला छोटा क्लास डी घ्या आणि उरलेल्या पैशात भक्कम स्टँड घ्या. टर्नटेबल असेल, टीव्ही ऑप्टिकलने जोडायचा असेल, रिमोट हवा असेल आणि दहा-पंधरा वर्षं तोच ठेवायचा असेल तर मोठा इंटिग्रेटेड, कारण त्यात फोनो (टर्नटेबलसाठीचं) आणि डिजिटल इनपुट बहुधा आतच असतात आणि बिघडला तर दुरुस्त होतो. छोटे डबे सहसा दुरुस्त करणं परवडत नाही, हे मी दुरुस्ती करणारा माणूस म्हणून सांगतोय. सब नक्की घ्यायचाय आणि जुनं तपासून घ्यायची तयारी आहे, तर रिसीव्हर.

कुठलाही घेतलात तरी परत करायची मुदत असेतोवर दोन गोष्टी करा. रात्री शांततेत इनपुट निवडून काही न वाजवता ट्वीटरला कान लावा, आणि मग खुर्चीत बसा. कान लावल्यावर बारीक सूं ऐकू आलं तर चालेल, खुर्चीत ऐकू आलं तर परत करा. आणि एक दिवस तुमच्या नेहमीच्या सगळ्यात मोठ्या आवाजात तासभर वाजवून वरचं झाकण हाताने बघा. हात ठेवता आला पाहिजे, आणि मध्येच आवाज बंद होऊन परत सुरू होता कामा नये. झालाच तर आधी स्पीकरच्या वायरीची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकतेय का ते बघा, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.